सुटली म्हण

लहानपणी आमच्या आळीत शपथेचा एक कायदा होता. कुणी गळ्याची कातडी दोन बोटांत धरून 'गळ्याशप्पथ' म्हणून शपथ घातली, की ती सोडवायचा अधिकार फक्त घालणाऱ्याचा. आपण कितीही गयावया केली तरी समोरच्याने 'सुटली' म्हणेपर्यंत सुटका नाही. 'सुटली म्हण, आधी सुटली म्हण' असं ओरडत आम्ही एकमेकींच्या मागे धावायचो. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका मैत्रिणीने मला अशीच शपथ घातली, कसलंसं गुपित कुणाला सांगायचं नाही म्हणून, आणि 'सुटली' न म्हणताच ती सुट्टीला मामाकडे निघून गेली. रात्री मला झोप येईना. चुकून तोंडातून गेलं तर माझा गळा जाणार, की तिचा, हेही मला नीट ठाऊक नव्हतं. शेवटी उठून मी अण्णांपाशी गेले.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते दुकानाची वही लिहीत बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शपथेनं कुणाचा गळा जात नाही. पण तू सांगणार नाही म्हणालीस ना तिला? मग सांगू नकोस."

मी झोपले. त्या रात्री माझी भीती गेली आणि तिच्या जागी दुसरं काहीतरी आलं, ते भीतीपेक्षा जड होतं. ते काय होतं, हे कळायला पुढची चाळीस वर्षं गेली.

कराडच्या बाजूला, कृष्णाकाठच्या एका गावात अण्णांचं किराणा मालाचं दुकान होतं. अण्णा देव मानत नव्हते. हे त्यांनी कधी कुणाला पटवायला घेतलं नाही आणि कधी लपवलंही नाही. आई रोज देवपूजा करायची, सोळा सोमवार, संकष्टी, सगळं. तिच्यासाठी बाजारातून झेंडूची फुलं अण्णाच आणायचे, पण देव्हाऱ्यासमोर हात जोडायचे नाहीत. दिवाळीच्या पाडव्याला सगळ्या पेठेत नव्या वहीची पूजा व्हायची, पहिल्या पानावर 'श्री' लिहिला जायचा. अण्णा नवी वही उघडून सरळ तारीख टाकायचे आणि खाली पहिलं गिऱ्हाईक लिहायचे.

१९७९ सालची गोष्ट. मळ्यातले एक तात्या आमचे जुने गिऱ्हाईक. वर्षभराची उधारी उसाचं बिल आलं की एकरकमी द्यायची, असा शिरस्ता. त्या वर्षी तात्या म्हणाले, दोनशे चाळीस रुपये मी दिलेत. वहीत जमा नव्हती. अण्णा म्हणाले, दिले असते तर मी लिहिलं असतं. बोलाचाली वाढली, चार माणसं जमली. तात्या मनाने वाईट नव्हते. बहुधा त्यांनी पैसे मुलाच्या हाती धाडले असावेत आणि मुलाने वाटेतच उडवले असावेत. पण चारचौघांत शब्द निघून गेला होता. त्यांनी पागोट्याच्या पदरातून एक पुडी काढली. पालच्या खंडोबाचा भंडारा होता तो. कुणीतरी शेजारच्या महादेवाच्या देवळातून बेलाचं पान आणलं. तात्या म्हणाले, "तुझ्या वहीवर श्री नाही, अण्णा. त्या वहीचं मी मानत नाही. बेल-भंडारा उचल आणि म्हण पैसे मिळाले नाहीत. मी आत्ता पैसे टाकतो."

मी दुकानाच्या मागच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता अण्णा उचलणार. त्यांच्यासाठी ते नुसतं पान आणि नुसती हळद. शिवाय ते खरंच बोलत होते. दोनशे चाळीस रुपये तेव्हा लहान रक्कम नव्हती.

अण्णांनी वही ओढली, लाल पेन्सिलीने तात्यांच्या नावाखालच्या रकमेवर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "तात्या, तुम्ही दिलेत म्हणता ना? मग दिलेत."

तात्यांना हे नको होतं. ते पुडी हातात तशीच धरून उभे राहिले, मग काही न बोलता निघून गेले. गावात मात्र दुसऱ्या दिवशी वेगळंच पसरलं. देव मानत नाही म्हणतो आणि बेल-भंडाऱ्याला हात लावायला घाबरला, म्हणजे खोटं असणार. आईला हे नळावर ऐकावं लागलं. रात्री ती अण्णांवर पहिल्यांदा एवढी चिडलेली मी पाहिली. "खरं होतं तर उचलायला काय झालं होतं तुम्हाला?"

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्याला मी मानत नाही त्याच्यावर हात ठेवून खरं बोललो, तर माझं खरंसुद्धा खोट्यावर उभं राहील."

आईला ते पटलं नाही. मलाही तेव्हा कळलं नाही.

पुढे शिकताना, वाचताना मला हळूहळू दिसू लागलं की नास्तिकाला जगाने विचारलेला खरा प्रश्न देव आहे की नाही हा नाहीच. त्या वादात फारसं कुणाचं काही अडलेलं नसतं. विचारलं जातं ते हे, की तुझ्या शब्दाला जामीन कोण? आस्तिकाच्या शब्दाला देव जामीन आहे. त्याने खोटी शपथ घेतली तर वर कुणीतरी पाहतंय, त्याचं कुणीतरी वाटोळं करील, असा सगळ्यांचा हिशेब. तुझ्या मागे कुणीच नाही, मग तुझ्याशी व्यवहार कसा करायचा?

ही शंका किती जुनी आहे पाहा. चार्वाक म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते, 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्'. कर्ज काढा आणि तूप प्या. म्हणजे नास्तिक कोण, तर उधारी बुडवणारा. आरोप विश्वाच्या उत्पत्तीबद्दल नाही, वहीतल्या बाकीबद्दल आहे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रह' या ग्रंथात पहिलंच प्रकरण चार्वाकावर आहे आणि त्या एकाच प्रकरणात हा श्लोक दोन वेगवेगळ्या रूपांत येतो. सुरुवातीला 'यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः'. जिवंत आहात तोवर सुखाने जगा, मृत्यूच्या आवाक्याबाहेर काहीच नाही. त्यात तूप नाही, कर्जही नाही. प्रकरणाच्या अखेरीस मात्र तीच ओळ कर्ज काढून तूप पिऊ लागते. लोकांच्या तोंडी कोणती राहिली हे सांगायला नको. लोकायतांचे, म्हणजे चार्वाकाच्या पंथाचे, मूळ ग्रंथ बहुतेक नाहीसे झाले, त्यांची मतं आपल्याला त्यांच्या विरोधकांच्या पुस्तकांतून वेचावी लागतात. साक्षीदार हजर नाही आणि त्याची जबानी विरुद्ध पक्षाचा वकील वाचून दाखवतोय, असा हा खटला आहे. अपवाद म्हणावा तो जयराशी भट्टाच्या 'तत्त्वोपप्लवसिंहा'चा. कुठलंच प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवायचं साधन, धड टिकत नाही असं म्हणणारा हा आठव्या शतकाच्या आसपासचा ग्रंथ. त्याची ताडपत्रावरची पोथी १९२६ साली गुजरातेत पाटणला सापडली, जैनांच्या ग्रंथभांडारात. ज्यांचं तत्त्वज्ञानही त्याने खोडून काढलं होतं त्यांनीच ती शतकानुशतकं जपून ठेवली. मला या जैन ग्रंथपालांबद्दल फार कृतज्ञता वाटते.

महाभारताच्या शांतिपर्वात चार्वाक नावाचा एक जण येतो. तो आणि तत्त्वज्ञानातला चार्वाक एकच की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा. युद्ध संपलंय, युधिष्ठिर हस्तिनापुरात प्रवेश करतोय, ब्राह्मण आशीर्वाद देत आहेत. त्या गर्दीतून भिक्षूच्या वेषातला हा चार्वाक पुढे होतो आणि भर समारंभात राजाला म्हणतो, तू आपल्या ज्ञातीचा घात केलास, वडीलधाऱ्यांना मारलंस, तुझा धिक्कार असो. युधिष्ठिराची मान खाली जाते, कारण गेले कित्येक दिवस तो स्वतःला तेच सांगत होता. ब्राह्मण म्हणतात, हा आमच्यातला नाही, हा दुर्योधनाचा मित्र, राक्षस आहे. आणि नुसत्या हुंकाराने त्याला जाळून टाकतात. त्याचं म्हणणं खोटं होतं, असं मात्र कुणी म्हणत नाही.

नास्तिक हा शब्दही आपल्याकडे आधी देवाबद्दलचा नव्हताच. मनुस्मृतीत 'नास्तिको वेदनिन्दकः' असं स्पष्ट आहे. वेद मानतो तो आस्तिक, त्याची निंदा करतो तो नास्तिक. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिकांच्या पंगतीत बसले आणि बुद्ध, महावीर बाहेर राहिले. तुमच्या मनात काय आहे यापेक्षा तुम्ही कुणाचा अधिकार मानता, हा प्रश्न होता. आजही फार वेगळं नाही.

मराठी मुलखात तर शब्दाची परीक्षा अंगावर घेत असत. पंचायतीत वाद तुटेना तर दिव्य. रवादिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी पिशवी उघडून जखम पाहायची. हात शाबूत तर माणूस खरा. तात्यांची भंडाऱ्याची पुडी ही त्याच घराण्यातली, फार सौम्य झालेली नात.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट, असं समजण्याचं कारण नाही. सहिष्णुतेचा मोठा पुरस्कर्ता म्हणून ज्याचं नाव घेतात त्या जॉन लॉकने १६८९ साली स्वच्छ लिहिलं की नास्तिकांना ही सहिष्णुता लागू नाही, कारण वचनं, करार आणि शपथा त्यांना बांधू शकत नाहीत. पुन्हा तेच. या माणसाला उधार देऊ नका. इंग्लंडच्या न्यायालयांत १८६९चा कायदा होईपर्यंत नास्तिकाची साक्षच घेतली जात नव्हती. म्हणजे एखाद्याने त्याचे पैसे बुडवले, तर ते त्याला कोर्टात सांगताही येत नव्हतं. कर्ज काढून तूप पिण्याची खरी सोय कुणाला होती, बघा.

चार्ल्स ब्रॅडलॉ हे नाव मी अण्णांच्या तोंडून प्रथम ऐकलं. १८८० मध्ये हा उघड नास्तिक नॉर्दम्प्टनमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला. तो म्हणाला, मी देवाची शपथ घेणार नाही, प्रतिज्ञा करतो. सभागृह म्हणालं, चालणार नाही. तो म्हणाला, बरं, मतदारांसाठी शपथ घेतो. सभागृह म्हणालं, तुझा देवावर विश्वास नाही, तुझ्या शपथेला अर्थ नाही. एक रात्र त्याला घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं. १८८१च्या ऑगस्टात पोलिसांनी उचलून बाहेर काढलं. नॉर्दम्प्टनचे लोक त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. अखेर १८८६ मध्ये तो जागेवर बसला आणि १८८८ मध्ये त्याने कायदाच करून घेतला की ज्याला हवं त्याने शपथेऐवजी प्रतिज्ञा करावी. पुढच्या वर्षी, १८८९च्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, अधिवेशन भरलं, तेव्हा तो पाहुणा म्हणून आला होता. पार्लमेंटात हिंदुस्थानची बाजू तो इतक्या हिरिरीने मांडायचा की त्याला 'हिंदुस्थानचा सभासद' म्हणत.

ब्रॅडलॉ शपथ घ्यायला तयार झाला होता, अण्णा झाले नाहीत. यात बरोबर कोण? पुष्कळ वर्षं मला अण्णांचं वागणं जास्त शुद्ध वाटायचं. आता तेवढी खात्री नाही. ब्रॅडलॉच्या मागे मतं देणारी हजारो माणसं होती. आपल्या सोवळेपणापायी त्यांचा आवाज बंद पाडणं त्याला पटलं नसेल. अण्णांनी गमावले ते स्वतःचे दोनशे चाळीस रुपये. पण नळावर ऐकून घ्यावं लागलं ते आईला. तत्त्वाची किंमत बहुतेक वेळा घरातलं दुसरंच कुणीतरी मोजत असतं, हे नास्तिकांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

१८८८ हे साल आपल्याकडेही महत्त्वाचं. त्याच वर्षी गोपाळ गणेश आगरकरांनी 'सुधारक' हे साप्ताहिक काढलं. आगरकरांचं टेंभू आमच्या गावापासून फार लांब नाही. अण्णांच्या गल्ल्यामागे टिळक-गांधींचे फोटो नव्हते, आगरकरांचा एक होता, कुठल्याशा कॅलेंडरातून कापलेला. देवाबद्दल बोलताना आगरकर 'नाही' असं ठासून सांगण्यापेक्षा 'कळायला मार्ग नाही' असं म्हणणारे होते. पण तेवढंही पुण्याला पुरेसं होतं. ते जिवंत असताना लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दम्याने पोखरलेला हा माणूस १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता गेला. त्यांच्या मृत्यूची एक आठवण सांगतात. त्यांच्या उशाशी एक पुडी सापडली, स्वतःच्या दहनापुरते पैसे बांधून ठेवलेली. आपल्या सरणाचाही भार कुणावर पडू नये म्हणून. अण्णा ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. 'ऋणं कृत्वा' म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर देण्याची गरज मला कधी वाटली नाही.

आणि मग सेवाग्राम. ही गोष्ट मला सगळ्यांत जवळची.

आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव, सगळे त्यांना 'गोरा' म्हणत, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. देवाविषयीच्या मतांपायी नोकरी सुटली. १९४० मध्ये त्यांनी मुदुनूर या खेड्यात नास्तिक केंद्र सुरू केलं. पुढे ते विजयवाड्याला हललं. त्यांचं काम मुख्यतः अस्पृश्यतेविरुद्ध होतं. सगळ्या जातींची माणसं एका पंगतीला बसवायची. जात देवाने दिली असं मानणाऱ्याच्या हातून ती सुटत नाही, मग त्या मानण्यालाच हात घालू, असा त्यांचा विचार. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं लवणम्. १९४४च्या अखेरीस ते गांधींना भेटायला वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले. कल्पना करा, प्रार्थनेशिवाय ज्याचा दिवस सुरू होत नाही आणि मावळत नाही असा म्हातारा, आणि त्याच्या आश्रमात राहायला आलेला हा नास्तिक. गोरांनी त्यांना बंगालच्या दुष्काळाबद्दल सांगितलं. कलकत्त्यात मिठाईने भरलेल्या दुकानांवरून उपाशी माणसं मुकाट चालत जात आणि पुढे रस्त्यात मरून पडत. नशिबाने दिलेलं मुकाट्याने भोगायचं ही शिकवण त्यांच्या हाडांत नसती, तर ती अशी मेली असती का, असा गोरांचा सवाल होता. गांधींनी तो झटकून टाकला नाही. माझी आस्तिकता बरोबर आणि तुमची नास्तिकता चूक असं मी म्हणू शकत नाही, अशा अर्थाचं ते बोलले.

गोरांची थोरली मुलगी मनोरमा. तिचं लग्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या अर्जुन राव या तरुणाशी ठरलं. गांधी म्हणाले, लग्न सेवाग्रामला, माझ्यासमोर होईल. आता अडचण अशी की आश्रमातल्या विवाहात ईश्वराला साक्षी ठेवून वचन दिलं जाई आणि वधूचा बाप नास्तिक. गांधींनी तोड काढली. 'ईश्वराला साक्षी ठेवून'च्या जागी 'सत्याला साक्षी ठेवून' म्हणायचं. सत्य हाच ईश्वर असं ते आधीपासून सांगत आले होते. इथे त्यांनी ते वाक्य दुसऱ्याच्या सोयीसाठी खर्च केलं. ३० जानेवारी १९४८ला गांधी गेले. लग्न मार्चमध्ये सेवाग्रामलाच झालं, ठरल्याप्रमाणे. ज्याने शब्द दिला होता तो उरला नव्हता, तरी शब्द पाळला गेला. (ब्रॅडलॉसुद्धा १८९१ साली ३० जानेवारीलाच गेला. त्याच्या अंत्यविधीला लंडनमध्ये शिकणारा तरुण मोहनदास गांधी हजर होता. अशा योगायोगांना अर्थ नसतो हे मला कळतं, तरी तो आठवल्यावाचून राहवत नाही.)

शब्द असा सैल धरून, समोरच्याच्या गळ्यात बसेल असा करून द्यायला मोठं मन लागतं. कायद्याला ते सहसा नसतं. १८७२चा विवाहाचा कायदा पाहा. जातीबाहेर नोंदणी लग्न करायचं तर वधूवरांनी लिहून द्यायचं की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, अशी सगळी यादी. म्हणजे मनातून श्रद्धाळू असलेल्या माणसाला लग्नासाठी अश्रद्धेची खोटी प्रतिज्ञा करावी लागे. ही अट १९२३ मध्ये, नागपुरात वकिली केलेल्या हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांनी हिंदू, शीख, बौद्ध, जैनांपुरती सुटली आणि सगळ्यांसाठी सुटली ती १९५४च्या विशेष विवाह कायद्याने. आणि अल्बेनियाने १९६७ मध्ये स्वतःला जगातलं पहिलं नास्तिक राष्ट्र म्हणवून घेतलं, मशिदी आणि चर्च बंद केले. तिथल्या म्हाताऱ्या बाया दार लावून, दबक्या आवाजात प्रार्थना करत असतील, तेव्हा त्यांच्या जागी मला माझी आई दिसते. नास्तिकता सरकारी शिक्का मारून आली की ती तात्यांच्या पुडीसारखीच होते, उचल नाहीतर तू खोटा. मला अशा राज्यात राहायचं नाही.

आपल्या घटना समितीत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामतांनी उद्देशिकेच्या सुरुवातीला 'ईश्वराच्या नावाने' हे शब्द घालायची सूचना मांडली. तिच्याविरुद्ध बोलणारे काही नास्तिक नव्हते. मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८, सूचना पडली. लोकप्रतिनिधींच्या शपथेत मात्र दोन्ही वाटा ठेवल्या, 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. शपथविधी टीव्हीवर चालू असला की मी कान देऊन ऐकते, कोण काय म्हणतंय. दृढकथन करणारे थोडेच निघतात.

२००९ मध्ये मला साक्ष द्यावी लागली. टेम्पोने मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं आणि मी रस्त्याच्या कडेला उभी होते. सिनेमात दाखवतात तशी गीता काही कुणी हातात देत नाही. कारकून म्हणाला, "म्हणा, देवाशपथ खरं सांगेन." मी म्हटलं, मी प्रतिज्ञा करते. त्याने मान वर करून पाहिलं. १९६९च्या शपथ कायद्यात दोन्ही सोयी आहेत आणि खोटं बोललं तर शिक्षा एकच आहे, पण त्याच्या समोर बहुधा हे फारसं येत नसावं. उलटतपासणीत वकिलांनी विचारलं, "बाई, तुम्ही देव मानत नाही, बरोबर ना?" न्यायाधीशांनी तो प्रश्न अडवला. तेवढ्या क्षणात मला मागच्या दारात उभी असलेली ती मुलगी आठवली आणि लाल पेन्सिल. मी त्या दिवशी टेम्पोचा वेग, उजेड, माझं अंतर हे सांगताना इतकी जपून बोलले की वकीलच कंटाळले. जिथे खात्री नव्हती तिथे 'खात्री नाही' म्हटलं. वर कुणी पाहत नाही असं मानणाऱ्याला स्वतःवरच डोळा ठेवावा लागतो आणि त्यात सुट्टी नसते. अण्णांनी त्या रात्री माझ्या उशाशी ठेवलेलं जड ओझं हेच होतं.

अण्णा खूप वर्षांपूर्वी साताऱ्याला डॉ. श्रीराम लागू आणि नरेंद्र दाभोलकर यांचा वादसंवाद ऐकायला गेले होते. एकाच व्यासपीठावर लागू म्हणणार की देवाला आता निवृत्त करा आणि दाभोलकर म्हणणार की आमच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाशी आहे. अण्णांना लागूंचं पटायचं, पण वहीत नाव लिहावं असं गिऱ्हाईक कोणतं विचारलं, तर ते दाभोलकर म्हणायचे. २० ऑगस्ट २०१३ला सकाळी पुण्यात पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या. अण्णांनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. अठरा वर्षं ज्यासाठी हा माणूस चपला झिजवत होता ते चार दिवसांत झालं. १० मे २०२४ला खुनाच्या खटल्याचा निकाल लागला, दोघांना जन्मठेप, तिघांची सुटका. तो ऐकायला अण्णा नव्हते.

२०११च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवणारे सुमारे ३३ हजार निघाले, सव्वाशे कोटींच्या देशात. अण्णा त्यांत नसणार. मोजणीला आलेल्या तरुणाने नाव विचारलं आणि धर्माचा रकाना न विचारताच भरून टाकला. अण्णांनी पाहिलं आणि त्याला चहा दिला. त्या दिवशी ते का बोलले नाहीत, हे विचारायचं राहून गेलं.

२०१६च्या उन्हाळ्यात ते आजारी पडले. दवाखान्यात आईला जवळ बोलावून म्हणाले, "दहावा, तेरावा, श्राद्ध, काही करायचं नाही. शब्द दे." त्यांनी शपथ मागितली नाही, मागणं शक्यच नव्हतं. पण आईने आपल्या परीने दिला. देव्हाऱ्यातल्या गजाननाची आठवण करून ती म्हणाली, "गजाननाशपथ, करणार नाही." अण्णा हसले. चार दिवसांनी गेले.

दहाव्याला घाटावर कुणी गेलं नाही. भाऊबंदांतले दोघे-तिघे आईवर रुसले. कावळा शिवला नाही तर जीव अडकून राहतो, असं तिला घरी येऊन सांगून गेले. घाटावर ते सगळे मिळून मेलेल्या माणसाला वचनं देतात, मुलीचं लग्न करू, म्हातारीला सांभाळू, मग कावळा येतो. मला त्या वचनांचं नेहमीच फार वाटत आलंय. आपल्या माणसाला शेवटचा शब्द द्यायची ती एक जागा आहे आणि ती आम्ही आईकडून काढून घेतली होती. आमच्या नास्तिकतेने तिला बदल्यात दुसरी कुठलीच जागा दिली नाही. हा हिशेब मी अजून मिटवू शकलेले नाही.

आई रोज सकाळी पहिल्या पोळीचा तुकडा कठड्यावर ठेवते, कावळ्यांना. मला आठवतं तेव्हापासून ठेवते. गेल्या पितृपक्षात मी तिच्याकडे राहिले होते तेव्हा ध्यानात आलं की कठडा रिकामा आहे. कावळे येऊन बसत, ओरडत, उडून जात. दोन-तीन दिवस पाहून मी विचारलं.

"या पंधरा दिवसांत नाही ठेवत मी," ती म्हणाली. "चुकून त्यांच्या नावचा घास व्हायचा. शब्द दिलाय ना."

अण्णांना जाऊन इतकी वर्षं झाली होती. मी म्हटलं, "आई, तुला इतकं लागतंय हे त्यांना कळलं असतं, तर त्यांनीच तुला मोकळं केलं असतं. करून टाक तुझ्या मनासारखं."

"केलं असतं गं," आई म्हणाली आणि कठड्यावरचा कावळा हात हलवून उडवून लावला. "पण आता सुटली म्हणायला ते आहेत कुठे?"